मिरची काही खाईना!

सदर : पंख, शेपटी आणि आपण



आमच्या घरातला सगळ्यात नखरेल सदस्य जेमतेम दोन सेंटिमीटरचा आहे. त्याचं नाव मिरची. रंग लाल, अंगावर निळसर पट्टे, आणि स्वभाव आजीच्या शब्दांत सांगायचा तर "जावयाच्या वरताण". ताटात काय वाढलंय ते आधी बघणार, मग तोंड फिरवणार!

मिरची हा मासा आहे. इंग्रजीत याला 'स्कार्लेट बडिस' म्हणतात आणि शास्त्रीय नाव आहे 'डेरिओ डेरिओ'. हा परदेशी पाहुणा नाही बरं का. बंगाल-आसामकडच्या उथळ, पाणवनस्पतींनी भरलेल्या ओढ्यांमध्ये राहणारा अस्सल भारतीय मासा. फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश डॉक्टरने 1822 साली गंगेतल्या माशांवरच्या आपल्या पुस्तकात याची नोंद केली. म्हणजे दोनशे वर्षांपासून पुस्तकात नाव असलेला मासा, आणि मी त्याला जबलपूरच्या एका दुकानात रंगीत माशांच्या गर्दीत, कोपऱ्यातल्या काचेच्या बरणीत एकटा बसलेला पाहिला.

दुकानदार म्हणाला, "कलकत्ते से आया है दीदी, पर थोड़ा नखरेवाला है."

थोडा? त्याने 'थोडा' म्हटलं तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

ताटावरून उठून जाणारा मासा

घरी वीस लिटरची टाकी तयारच होती. पाणवनस्पती लावलेल्या, पाणी मुरलेलं, हळू चालणारा स्पंजचा फिल्टर. मिरची त्यात रमली. पण खाईना. पहिल्या दिवशी माशांचे दाणे घातले. जवळ आली, एक डोळा वाकडा करून पाहिलं आणि निघून गेली. (मिरची नर आहे, पण नावामुळे आमच्या घरात तिला 'ती' म्हणायची सवय लागली. या जातीतल्या माद्या फिक्या राखाडी असतात, त्यामुळे दुकानात येतात ते बहुतेक लाल नरच.) दुसऱ्या दिवशी दाणे चुरून घातले. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या कंपनीचे. चौथ्या दिवशी एक कण तोंडात घेतला आणि थुंकून टाकला!

आजी टाकीसमोर खुर्ची टाकून बसली होती. म्हणाली, "तू लहानपणी दुधी भोपळ्याचं हेच करायचीस. फरक एवढाच की ही निदान रडत नाही."

पाचव्या दिवशी मात्र विनोद सुचेना. मिरचीचं पोट आत गेलं होतं. मग रात्री दोन वाजेपर्यंत वाचत बसले, तेव्हा कळलं की यात नखरा कमी आणि शरीराची घडणच जास्त. हा शिकारी मासा आहे. तो पाण्यातले बारीक किडे, त्यांच्या अळ्या, डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव टिपून खातो. त्याच्या डोळ्यांना आणि मेंदूला 'अन्न' म्हणून जे कळतं, ते हलणारं असतं. स्थिर पडलेला दाणा त्याच्या दृष्टीने खडा आहे. आपल्याला कुणी प्लॅस्टिकचं सफरचंद ताटात वाढावं, तसंच.

म्हणजे आता जिवंत खाणं हवं. ते कुठून आणायचं?

कूलरमधलं जेवण

जबलपूरच्या उन्हाळ्याची ज्यांना कल्पना आहे, त्यांना आमच्या घरी खिडकीला लोखंडी कूलर आहे हे सांगायलाच नको. जून संपत आला होता, पहिला पाऊस होऊन गेला होता आणि कूलर तीन-चार दिवस बंद होता. बाबा त्यातलं पाणी काढायला गेले आणि ओरडले, "अगं, यात तर डासांच्या अळ्या झाल्यात!"

त्यांनी बादली उपडी करायच्या आत मी धावले. चहाच्या गाळणीने पाच अळ्या उचलल्या, स्वच्छ पाण्यात खळबळून मिरचीच्या टाकीत सोडल्या.

मंडळी, पुढचे दहा सेकंद मी कधी विसरणार नाही. मिरची पानाआडून बाहेर आली, थांबली, रंग एकदम गडद झाला आणि झडप! एक, दोन, तीन. सहा दिवस उपाशी असलेला जीव खाताना बघणं यासारखं सुख नाही. धाकट्या भावाने टाळ्या वाजवल्या. आजीने पदराने डोळे टिपले, मग मला म्हणाली की कांदा चिरत होते.

आता हे नीट ऐका, कारण पुढची सगळी गोष्ट यावरच उभी आहे. डासांच्या अळ्या हे माशांचं नैसर्गिक अन्न आहे. गप्पी आणि गॅम्बुसिया हे मासे आपल्याकडे तळ्यांमध्ये, विहिरींमध्ये मुद्दाम सोडतात ते त्याचसाठी. मासा अळी खातो, डास कमी होतात. यात चूक काहीच नाही. चूक मी पुढे केली.

मला वाटलं, कूलरमध्ये आपोआप होतात तर आपण वाढवूया की. गच्चीवर एक जुना निळा टब ठेवला, पाणी भरलं, त्यात चार वाळकी पानं टाकली. आठवड्याभरात अळ्याच अळ्या. फुकटचं, ताजं, पौष्टिक. रोज सकाळी गाळणी घेऊन गच्चीवर जायचं, मिरचीला चार-पाच अळ्या द्यायच्या आणि दर तीन दिवसांनी उरलेल्या गाळून सुकवून टाकायच्या. म्हणजे एकही डास होणार नाही. कागदावर हिशेब अगदी पक्का होता.

ते सहा दिवस

गौरी-गणपतीला आम्ही नागपूरला मामाकडे गेलो. बाबा घरीच होते. त्यांना मी बजावून सांगितलं, "रोज सकाळी मिरचीला चार-पाच अळ्या घाला." त्यांनी इमानेइतबारे घातल्या. पण उरलेल्या गाळून टाकायच्या असतात हे मी सांगायला विसरले. त्यांच्या डोक्यात यायचं काही कारणच नव्हतं.

सहा दिवसांनी परत येऊन गच्चीवर गेले. टबात अळ्या थोड्याच उरल्या होत्या. स्वल्पविरामासारखे वाकडे कोष होते, आणि पाण्यावर पातळ, पारदर्शक सालं तरंगत होती. ती सालं म्हणजे बाहेर पडून उडून गेलेल्या डासांचे टाकलेले अंगरखे.

टब मी तिथेच तापलेल्या गच्चीवर उपडा केला. पण जे उडून गेले ते गेलेच होते.

एवढ्यावर मी शहाणी व्हायला हवं होतं. झाले नाही. चार दिवसांनी मिरचीने पुन्हा दाण्यांकडे पाठ फिरवली आणि मी टब पुन्हा भरला. या वेळी 'नीट लक्ष ठेवीन' असं स्वतःला सांगून. चूक होते तेव्हा आपण अडाणी असतो, पण तीच चूक दुसऱ्यांदा करताना आपल्याकडे कारणं असतात.

तीन आठवड्यांनी समोरच्या आंटींच्या मुलाला ताप आला. तो नववीत आहे, माझ्या भावाबरोबर क्रिकेट खेळतो. डोळ्यांच्या मागे दुखतंय म्हणाला, अंग मोडून आलं. तपासणीत डेंग्यू निघाला.

मी केलेला हिशेब

त्या रात्री मी पुन्हा दोन वाजेपर्यंत वाचत बसले. डेंग्यू पसरवणारा डास एडिस इजिप्ती. पायांवर पांढरे पट्टे, चावतो दिवसा. गटारापेक्षा त्याला साठवलेलं स्वच्छ पाणी आवडतं, म्हणजे कूलर, टाक्या, कुंड्यांखालच्या ताटल्या, टायर आणि निळे टबसुद्धा. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस पुरतात. म्हणूनच कूलरचं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामं करून घासायला सांगतात. घासायचं यासाठी की अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही महिनोन् महिने टिकतात. नुसतं पाणी बदलून ती जात नाहीत.

हा डास फार लांब उडत नाही. बहुतेक जन्म त्याच गल्लीत, त्याच दोन-चार घरांत काढतो. पण तो जन्मतः डेंग्यू घेऊन आलेला असतोच असं नाही. साधारणपणे आधी त्याने डेंग्यू असलेल्या माणसाला चावायला हवं, मग विषाणू त्याच्या शरीरात वाढायला आठ ते बारा दिवस लागतात, मग तो दुसऱ्याला चावतो, आणि त्यानंतर बहुधा चार ते सात दिवसांनी ताप येतो.

मी बोटांवर मोजलं. सालं दिसली त्या दिवसापासून तीन आठवडे. हिशेब जुळत होता.

जुळतो म्हणजे तसंच घडलं असं नाही, हे मलाही कळतं. त्या पावसाळ्यात गल्लीत आणखी दोन घरी ताप होता. डास कुणाच्याही कुंडीतून आलेला असेल. पण 'माझ्याकडून झालं नसेलही' आणि 'माझ्याकडून झालं नाही' या दोन वाक्यांत किती अंतर असतं, ते मला त्या रात्री समजलं.

तिसऱ्या दिवशी नगर निगमची माणसं टॉर्च घेऊन घरोघरी पाणी तपासत आली. आमचा कूलर कोरडा होता. मग गच्चीवर गेले. टबात टॉर्च मारल्यावर अळ्या वळवळताना दिसल्या. त्यांच्यातले एक काका माझ्याकडे बघत राहिले. विचारलं, हे काय? मी म्हटलं, "माशासाठी."

ते रागावले नाहीत. टब उपडा करत एवढंच म्हणाले, "मग मासाच टबात सोडायचा होता ना बेटा. एक अळी उरली नसती."

खरंच होतं ते. माशाकडे डास नेले असते तर डास कमी झाले असते. मी डासांची शेती करून माशाला त्यातला घास भरवत होते.

समोरच्या घरी

जबलपूरमध्येच आदिवासी आरोग्यावर संशोधन करणारी आयसीएमआरची राष्ट्रीय संस्था आहे, 1984 पासून. मलेरिया-डेंग्यूवर तिथे काम चालतं. लहानपणापासून त्या वाटेवरून जाता-येता पाटी वाचलीय. अशा गावात राहून मी गच्चीवर डास वाढवले, याची लाज वाटत होती. पण लाज वाटून भागणार नव्हतं. आई म्हणाली, "जाऊन सांगून ये." बाबा म्हणाले, "कशाला? सिद्ध काय होणार आहे?" आजी काही बोलली नाही. माझ्या चपला दाराशी सरळ करून ठेवल्या.

मुलगा तोवर दवाखान्यातून घरी आला होता. पाच दिवस काढले होते त्याने तिथे. प्लेटलेट्स खाली गेल्या, मग हळूहळू वर आल्या. मी आंटींना सगळं सांगितलं. टब, नागपूर, सालं, पुन्हा भरलेला टब. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "टब फेंक दिया ना? बस."

आणि आत गेल्या.

दर शुक्रवारी त्यांच्या घरून आमच्याकडे काहीतरी यायचं. कधी कढी, कधी खीर. महिनाभर वाटी आली नाही. आम्हीही विचारलं नाही.

मग आता मिरची खाते काय?

टब गेला, पण मिरचीचं पोट होतंच. बाबा एकदा म्हणाले, "आमच्या लहानपणी तळ्यावर जायचं, रुमालाने पाणी गाळायचं, झालं." जबलपूर म्हणजे बावन्न तालांचं गाव. अधारताल, चेरीताल, रानीताल ही आज वस्त्यांची नावं आहेत. राणी दुर्गावती, तिचा दिवाण अधारसिंह आणि तिची दासी यांच्या नावाने हे ताल झाले असं इथे सांगतात. त्यातले कितीतरी बुजले, आणि उरलेल्यांत सांडपाणी गेलं. शिवाय तळ्याच्या पाण्यातून चतुराच्या अळ्या, हायड्रा, परजीवी असं बिनबोलावलेलं वऱ्हाडही येतं. चतुराची अळी मिरचीएवढ्या माशाला सहज खाऊन टाकते. म्हणून तो मार्ग बंद.

मैत्रिणीची बहीण इथल्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात शिकते. तिने मला तीन गोष्टी शिकवल्या. तिन्ही घरात होतात, आणि तिन्हींतून डास होत नाहीत. ज्यांच्या घरी असा उपाशी बसणारा मासा आहे (फायटरसुद्धा कधीकधी हट्टाला पेटतो), त्यांनी लिहून घ्या.

1. मायक्रोवर्म : सगळ्यात सोपं

एक-दोन मिलिमीटर लांबीचे, दोऱ्याहूनही बारीक पांढरे कृमी. माणसाला काही अपाय करत नाहीत.

• श्रीखंडाचा रिकामा प्लॅस्टिकचा डबा घ्या. झाकणाला चार बारीक भोकं पाडा आणि आतून कापड लावा, म्हणजे माश्या शिरणार नाहीत.
• ओट्स पाण्यात शिजवून घट्ट लापशी करा. थंड झाल्यावर डब्यात एक इंच थर द्या.
• वर चिमूटभर यीस्ट भुरभुरा आणि आधीच्या डब्यातला चमचाभर 'विरजण' टाका. हो, विरजणच! दही लावण्यासारखंच आहे हे.
• चार-सहा दिवसांत कृमी डब्याच्या भिंतींवर चढतात. बोटाने किंवा कापसाच्या काडीने पुसून घ्या, वाटीभर पाण्यात खळबळा आणि टाकीत सोडा.

दोन-तीन आठवड्यांनी लापशी पातळ होते आणि आंबूस वास येतो. त्याआधीच नवा डबा लावा. आमच्याकडे हा डबा स्वयंपाकघरात ठेवायला आईने सक्त मनाई केली आहे, कारण एकदा बाबांनी तो श्रीखंड समजून उघडला होता. डब्यावर मोठ्या अक्षरांत नाव लिहा.

2. आर्टेमिया : चोवीस तासांची जादू

मुलांना दाखवण्यासारखी गोष्ट. आर्टेमिया म्हणजे खाऱ्या सरोवरांत आणि मिठागरांत राहणारा कोळंबीचा छोटासा नातेवाईक. आपल्याकडे तुतिकोरिनच्या मिठागरांतही तो सापडतो. त्याची अंडी तपकिरी पावडरसारखी दिसतात आणि कोरडी, थंड ठेवली तर वर्षानुवर्षं झोपून राहतात. मिठाचं पाणी मिळालं की जागी होतात.

• प्लॅस्टिकच्या बाटलीचा तळ कापून ती उलटी टांगा. झाकण घट्ट बंद.
• एक लिटर पाण्यात 25 ते 30 ग्रॅम खडेमीठ विरघळवा आणि चिमूटभर खायचा सोडा घाला.
• अर्धा चहाचा चमचा अंडी टाका. हवेच्या पंपाची नळी तळापर्यंत सोडा. पाणी सतत घुसळलं गेलं पाहिजे.
• 26 ते 28 अंश तापमान आणि वर दिवा. साधारण चोवीस तासांत केशरी ठिपके पोहताना दिसतात. हिवाळ्यात छत्तीस तासही लागतात.
• पंप बंद करून दहा मिनिटं थांबा. रिकामी टरफलं वर तरंगतात. खाली बाजूने दिवा धरा, पिल्लं उजेडाकडे गोळा होतात. नळीने तेवढीच ओढून घ्या.
• तलम कापडावर गाळून गोड्या पाण्याने धुवा. मीठ टाकीत जाता कामा नये. टरफलंही नकोत, छोट्या माशांच्या पोटात ती अडकू शकतात.

नुकती जन्मलेली पिल्लं जास्त पौष्टिक, कारण त्यांच्या अंगात पिवळ्या बलकाची शिदोरी असते. काही तासांत ती संपते. म्हणून गरम पोळीसारखं, ताजं ताजं वाढायचं. गोड्या पाण्यात ती काही तासच जगतात, तेव्हा मासा खाईल तेवढीच सोडा.

3. मोइना : बादलीतलं गोकुळ

ही पाणपिसवांतली एक जात, मिलिमीटरभर. उड्या मारत पोहते, म्हणून माशाला बघताक्षणी मोह पडतो. खाणं चांगलं असलं की माद्या नराशिवायच पिल्लं घालत राहतात, तीही माद्याच. बादली बघता बघता भरते. दिवस वाईट आले, म्हणजे गर्दी झाली, पाणी बिघडलं की मग नर जन्मतात आणि कोरड्यातही टिकणारी जाड कवचाची अंडी तयार होतात. पाण्यात प्राणवायू कमी पडला की मोइना लालसर दिसू लागते, म्हणजे रंगावरूनच ती तक्रार करते.

• वीस लिटरची बादली, त्यात टाकी साफ करताना काढलेलं जुनं पाणी. नळाचं घेतलंत तर निदान दिवसभर उघडं ठेवून क्लोरीन उडून जाऊ द्या.
• बादलीवर मलमलचं कापड ताणून कडेने इलॅस्टिक लावा. एकही फट नको. हे मी ठळक का लिहिलंय, ते तुम्हाला माहीत आहे.
• खाणं म्हणून चिमूटभर यीस्ट कोमट पाण्यात कालवून घाला. पाणी किंचित धूसर दिसेल एवढंच. ते पुन्हा नितळ होईपर्यंत पुढचं खाणं नाही. मोइना उपासाने मरते त्यापेक्षा अति लाडाने जास्त मरते.
• आठवड्याभराने रोज थोडी गाळून घ्या, साधारण चतुर्थांशापर्यंत. उरलेली पुन्हा वाढते.
• दोन बादल्या ठेवा. एक कोसळली तर दुसरीतून विरजण मिळतं.

जबलपूरच्या डिसेंबर-जानेवारीत गच्चीवर रात्री कडाका पडतो, मोइना मंदावते. तेव्हा बादली घरात घ्या.

किती वाढायचं?

माशाचं पोट साधारण त्याच्या डोळ्याएवढंच असतं असं धरून चाला. मिरचीला मी दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच देते. आठवड्यातून एक दिवस उपास. आजी त्याला एकादशी म्हणते.

दुकानात जिवंत ट्युबिफेक्स मिळतात. ते सांडपाण्याच्या गाळात वाढतात, सोबत रोगजंतू आणू शकतात. बडिससारखे मासे ट्युबिफेक्स आणि लाल ब्लडवर्म आवडीने खातात, पण सतत तेच खाऊन लठ्ठ होतात आणि आजारी पडतात. रोज वडापाव दिला तर आपलंही तेच होईल.

आणि हो, दुकानात मासा आवडला की आधी एक प्रश्न विचारा, "हा खातो काय?" आणि शक्य असेल तर तुमच्यासमोर खायला घालून दाखवायला सांगा. मी हे विचारलं असतं तर ही गोष्ट वेगळी झाली असती. ज्याचं जेवण आपल्याला जमणार नाही, तो जीव घरी आणायचा नाही. तो दुकानात कितीही एकटा दिसला तरी.

एका जिवासाठी इतके जीव? हा प्रश्न आमच्याकडेही निघाला. आम्ही घरी शाकाहारी. आजी काही दिवस मोइनाच्या बादलीकडे बघायची नाही. मग एक दिवस म्हणाली, "जीव जीवावर जगतो हे खरं. पण वाढणाऱ्याचा हात जपून हवा." मला वाटतं, या सदरात मी जे जे लिहिते त्यातलं पुष्कळसं या एका वाक्यात बसतं.

वाटी परत आली

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी समोरचा मुलगा आमच्याकडे आला. अंगाने अजून बारीक दिसत होता. भावाने त्याला आर्टेमियाची बाटली दाखवली, मग दोघांनी मिळून मिरचीला जेवू घातलं. तिचा रंग गडद झाला, तिने झडप घातली आणि तो हसला. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. बाहेर यायचा धीर होत नव्हता.

मागोमाग आंटी आल्या. हातात वाटी होती, कढीची. ती त्यांनी ओट्यावर ठेवली आणि मला न विचारता सरळ जिना चढून गच्चीवर गेल्या. मी मागे मागे. त्यांनी मोइनाच्या दोन्ही बादल्यांपाशी बसून कापडाच्या कडेवरून गोल बोट फिरवलं. एका जागी इलॅस्टिक थोडं सैल होतं. ते त्यांनी ओढून घट्ट केलं, कुंड्यांखालच्या ताटल्या उचलून पाहिल्या आणि खाली उतरल्या.

आता दर रविवारी आमची गच्ची तपासली जाते. आधी आंटी यायच्या, हल्ली त्यांचा मुलगा आणि माझा भाऊ मिळून करतात, आणि मग दोघं मिळून गल्लीतले इतर कूलर, टायर, ताटल्याही बघून येतात.

या रविवारी तुम्हीही तेवढं करा. घरात मासा असो वा नसो.

भेटूया पुढच्या महिन्यात. तोवर आपापल्या सोबत्यांना, आणि शेजाऱ्यांनाही, सांभाळा!